खालच्या आठ ओळी

हे आमच्या पेपरात छापून येणार नाही. बापूजी छापू देणार नाहीत, आणि दिलंच तर कोणीतरी जागेचं कारण काढून खालून कापेल. तो कोणीतरी म्हणजे बहुतेक मीच. म्हणून इथे लिहिते, आणि शेवटापर्यंत लिहिते.

मी पुष्पा. माहेर दिग्रसचं. यवतमाळच्या एका लहान दैनिकात एकोणीस वर्षं उपसंपादक आहे. रविवारचं 'घर आणि आरोग्य' हे पान माझ्याकडे असतं. त्यात केसगळतीवर कांद्याचा रस, उन्हाळ्यात घ्यायची काळजी, असलं काहीबाही मी इतकी वर्षं भरत आले. त्याने कोणाचं भलं झालं नाही आणि वाईटही झालं नाही, असं मी समजून चालले होते.

गेल्या वर्षी जिल्ह्याला धान्यबंद आहाराचं वेड लागलं. भाकर नाही, पोळी नाही, भात नाही, बटाटा नाही, साखर-गूळ नाही. भाज्या, दही, पनीर, अंडी, शेंगदाणे खायचे आणि वजन उतरवायचं. रजत नावाच्या माणसाने यवतमाळात त्याचं केंद्र काढलं, मग कळंबला शाखा उघडली. आधी तो जिम चालवायचा. आता लोक त्याला रजत सर म्हणू लागले आणि फोन उचलल्यावर तोही 'रजत सर बोलतोय' म्हणू लागला. आमचे मालक-संपादक बापूजी त्याचे पहिले भक्त. सत्तरीच्या माणसाने चार महिन्यांत नऊ किलो उतरवले, पट्ट्याला नवीन भोक पाडलं आणि ते भोक सगळ्या ऑफिसला दाखवत फिरले. खोटं कशाला बोलू, त्यांची तब्येत सुधारली होती. जिना चढताना धाप लागायची, ती थांबली. माझा राग त्या आहारावर नाही, हे आधीच सांगून ठेवते.

"पुष्पाबाई, वाचकांचे अनुभव मागवा," बापूजी म्हणाले. "चांगले चांगले छापा. लोकाईले हुरूप येते."

पत्रं आली, दीडशेच्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅपवर आली, पोस्टाने आली, बसच्या कंडक्टरच्या हाती आली. वणीच्या इमरानभाईंनी लिहिलं की कोळशाच्या ट्रकवर बसून बसून सुटलेलं पोट अकरा किलोने उतरलं, निकाहातली शेरवानी पुन्हा अंगात जाते. त्याच पाकिटात त्यांच्या बायकोची, गझालाची, वेगळी चिठ्ठी होती. शेरवानी जाते हे खरं, पण घरात दोन वेगळे स्वयंपाक करून माझं काय झालं ते कोणी विचारणार का, असं तिने लिहिलं होतं. दिग्रसच्या एका मास्तरांनी सहकुटुंब दोन महिने धान्य सोडलं आणि दोघांचं मिळून चार किलो वाढलं. का, तर दोन्ही वेळ साबुदाण्याची खिचडी. उपवासाला चालतं ते धान्यात कसं धरायचं, असा त्यांचा सवाल. पुसदकडच्या तांड्यावरून हिरासिंगने चारच ओळी पाठवल्या होत्या. भाकर न खाता दिवसभर कापूस वेचून दाखवा, मग आम्हाला शिकवा.

मी हसत होते. ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवत होते. मला मजा वाटत होती.

छापायची माझी पद्धत साधी. प्रत्येक पत्राला एकशेवीस शब्द. जास्त असेल तर खालून कापायचं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मला हे शिकवलं होतं. बातमीत महत्त्वाचं वर असतं आणि खाली भरताड असते, जागा कमी पडली की डोळे झाकून खालून उडवा. एकोणीस वर्षांत हाताला इतकी सवय झाली की डोळे खरंच झाकलेले राहिले.

पण आमच्याकडची माणसं पत्र तसं लिहीत नाहीत. आधी सगळं बरं आहे म्हणायचं, समोरच्याचं कौतुक करायचं, पीकपाणी सांगायचं, आणि ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सगळ्यांत शेवटी, जाता जाता. मी अमरावतीला होस्टेलवर होते तेव्हा वडिलांचं दोन पानी पत्र आलं होतं. गाय व्याली, शेजाऱ्यांनी भिंत घातली, परीक्षेची तयारी कर, आणि अगदी खाली, सहीच्या वर, 'तुझी आई आठ दिवसांपासून दवाखान्यात आहे.' हे ज्या बाईने स्वतः वाचलं आहे, तिला कळायला नको? दुसऱ्या कोणाला नाही कळलं तर मी समजू शकते.

कळंबहून लीलाबाईंचं पत्र आलं ते रेघांच्या वहीच्या पानावर, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. अठ्ठावन वर्षांच्या, घरची शेती, कापूस आणि तूर. त्यांनी सांगून सुनेने लिहिलेलं. चार महिन्यांत सहा किलो उतरले, गुडघे दुखायचे थांबले. चिंतामणीच्या देवळात खाली उतरायच्या पायऱ्या आहेत, तिथे दोन वर्षं वरूनच हात जोडत होते, आता रोज उतरून दर्शन घेते आणि कोणाचा हात न धरता वर येते. मला ते फार आवडलं. मी मथळा दिला, 'गुडघ्यांनी आभार मानले!' फोटो मागवला. एकशेवीस शब्द पानाच्या पुढच्या बाजूलाच भरले. मागची बाजू मी उलटली नाही.

आमच्या पानावरचं ते सगळ्यांत गाजलेलं पत्र. बापूजी खूश, रजत सर खूश. मीही खूश होते.

महिनाभराने लीलाबाईंचे मालक, भगवानराव, ऑफिसात आले. स्वच्छ धुतलेला पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, हातात तुरीच्या हिरव्या शेंगांची पिशवी. पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"मॅडम, तुमचा पेपर म्हंजे पेपर आहे," ते म्हणाले. "आमच्या घरच्या बाईचं नाव आलं, फोटो आला. सारा कळंब वाचून राह्यला. रजत सरनं तं थे कात्रण मोठ्ठं करून भिंतीवर लावलं."

मी चहा मागवला. ते तुरीबद्दल बोलले. यंदा शेंग चांगली भरली. यवतमाळची बस आज वेळेवर मिळाली. त्या अंकाच्या चार प्रती मिळतील का, पाहुण्यांना द्यायच्या आहेत. मी प्रती काढून दिल्या. त्यांनी त्या नीट घडी करून दुपट्ट्यात बांधल्या, उठले, नमस्कार केला, आणि दारापर्यंत जाऊन परत वळले.

"तसं एक सांगाचं व्हतं. लीला दवाखान्यात आहे. इथंच, यवतमाळले. चिंतामणीच्या पायऱ्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. आपरेशन झालं."

"अहो, कधी?"

"झाले सा दिवस."

सहा दिवस! आणि हा माणूस अर्धा तास माझ्याशी तुरीच्या शेंगांबद्दल बोलत होता.

"पाय घसरला का?"

"नाई. चक्कर आली. डॉक्टर म्हने शुगर उतरली व्हती. बेचाळीस." ते माझ्याकडे बघायचं टाळत होते. "थे तं तिनं लिवलंच व्हतं न तुमाले."

"काय लिहिलं होतं?"

"थेच. हातपाय कापते, घाम येते. इचारलं व्हतं न तिनं. मंग तुमी छापलं, तं आमी म्हन्लं, ठीकच असन."

ते गेले. मी पत्रांचा गठ्ठा काढला. वहीचं ते पान सापडायला पाच मिनिटं लागली. मी ते पहिल्यांदा उलटलं. मागच्या बाजूला आठ ओळी होत्या.

'आता एक विचारायचं आहे. मला दोन वर्षांपासून शुगर आहे. सकाळी गोळी घ्या आणि वरून भाकर खा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गोळी चालू आहे, भाकर बंद आहे. अकरा-बाराच्या सुमारास हातपाय कापतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. केंद्रात विचारलं तर चरबी जळून राह्यली म्हणाले. हे खरं का? गोळी घ्यावी की नाही? तुम्ही शिकलेले आहात, कळवावे ही विनंती. काही चुकलं असल्यास माफी असावी.'

माफी असावी! मी ते पान हातात धरून बसले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणाकोणाचा राग आला सांगू? चरबी जळते म्हणणाऱ्या त्या जिमवाल्याचा आला. अर्धा तास गोड बोलून जाता जाता बायकोचं मोडलेलं हाड सांगणाऱ्या भगवानरावांचा आला. खरं दुखणं पानाच्या मागच्या बाजूला, सगळ्यांत खाली लिहिणाऱ्या आणि वरून माफी मागणाऱ्या आमच्या साऱ्या मुलखाचा आला. हे सगळे राग मी एकेक करून काढले, कारण माझ्या स्वतःवरच्या रागापर्यंत पोचायला मला उशीर करायचा होता.

पान घेऊन मी बापूजींच्या केबिनमध्ये गेले. ते काकडी खात होते.

"हे पूर्ण पत्र या रविवारी छापू," मी म्हटलं. "पहिल्यांदा खालच्या आठ ओळी, मग वरचं. आणि ती बाई कुठे आहे ते."

त्यांनी वाचलं. चष्मा काढला. "वाईट झालं बिचारीचं. पन पुष्पाबाई, आपन डॉक्टर आहो का? आपन अनुभव छापतो, सल्ला देत नाई."

"तिने सल्ला विचारला होता. आपण तो कापला आणि बाकीचं छापलं. त्याचा अर्थ तिने 'चालू ठेवा' असा घेतला. कोणीही तोच घेईल."

"पन तिनं पेपरले काहून इचारलं? डॉक्टरले इचारायचं न."

"डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा भेटतो, बापूजी. पेपर रोज दारात येतो. त्यावर तुमचं नाव असतं."

त्यांनी पोटावरून हात फिरवला. "मले तं गुन आला. मी सोता उदाहरन आहो."

"तुम्हाला शुगर नाही. तुम्ही गोळी घेत नाही."

"वाचकाईचा विश्वास उडन अशानं. अन् रजतची अर्ध्या पानाची जाहिरात आहे या रविवारी, थे तुमालेबी माहीत आहे." त्यांनी काकडीची ताटली बाजूला सारली. "एक काम करा. चौकट टाका. मधुमेहींनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आहार बदलावा. झालं. आपली जबाबदारी संपली."

मी ओरडले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. बाहेर टाइप करणाऱ्यांचे हात थांबले इतकी ओरडले. तुम्हाला लाज वाटत नाही का, असंही म्हटलं. बापूजींनी शांतपणे विचारलं, "पत्र कापलं कोनं, पुष्पाबाई?" आणि मी केबिनच्या बाहेर आले.

रविवारी चौकट गेली. बारीक टाइपात, पानाच्या तळाशी, रजतच्या जाहिरातीच्या खाली. ती मीच लावली.

सोमवारी दुपारी दवाखान्यात गेले. बायकांच्या वॉर्डात शेवटून तिसरी खाट. लीलाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. फोटोत गोल दिसणारा चेहरा पार बसला होता. शेजारच्या खाटेवर मनगटाला प्लास्टर घातलेल्या जैबुनबी नावाच्या म्हाताऱ्या बाई होत्या. दोन खाटांच्या मधे खाली बसून लीलाबाईंची सून, अर्पिता, डबा सोडत होती.

मी कोण ते सांगितलं. लीलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पेपरवाल्या मॅडम! इथवर कायले तरास घेतला? अर्पिते, स्टूल दे वं त्याईले. जैबुनबी, ह्याच थ्या मॅडम, मी सांगत नव्हती का?" आणि उशीखालून माझं कात्रण निघालं. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं.

डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि दही होतं. लीलाबाईंनी फक्त दही आणि भाजी जवळ ओढली.

"पाहा मॅडम, तुमीच सांगा आता," अर्पिता म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक नव्हतं. "डॉक्टरनं गोळी बदलून देली. रोज येऊन सांगते, वेळेवर जेवा, थोडी थोडी भाकर खा, अंगात ताकद पायजे, हाड भराचं आहे. आई हातच लावत नाई. काल राउंडच्या वेळेस डॉक्टर चिडले. ह्या म्हनते, पेपरात आलं."

"आलंच न," लीलाबाई म्हणाल्या. "साऱ्या कळंबानं वाचलं. आता भाकर खाल्ली तं काय तोंड दाखवू? लोकं म्हनतीन, फोटोपुरती सोडली व्हती." मग माझ्याकडे वळून समजावणीच्या सुरात, "अन् डॉक्टर एकटा. पेपरात चार शिकलेली मान्सं बसते. मी तं समदं लिवलं व्हतं, गोळीचं, घामाचं. मॅडमनं थे वाचूनच तं छापलं. काही वंगाळ असतं तं कळवलं नसतं का त्याईनं?"

अर्पिता माझ्याकडे बघत राहिली. पत्र तिने लिहिलं होतं. छापून आलेलं पत्र तिनेच वाचलं असणार, आणि कुठे तुटलं ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी येताना वाटेत ठरवून आले होते की गोळीबद्दल समजावून सांगायचं, भाकर खा म्हणायचं, सोबत आणलेली पपई द्यायची आणि निघायचं. आणि खरं सांगते, तेवढ्यावर निभलं असतं तर मी तेवढंच केलं असतं. पण ती बाई मोडलं हाड घेऊन उपाशी बसली होती, माझ्या कात्रणाच्या भरवशावर, आणि भाकर समोर होती.

"लीलाबाई," मी म्हटलं, "ते आम्ही वाचलं नव्हतं."

"काय?"

"पत्राची मागची बाजू. पानावर जागा कमी होती म्हणून खालचं कापलं. मी कापलं. कापताना वाचलं नाही. तुमची गोळी, घाम, काहीच वाचलं नाही. तुमचे मालक ऑफिसात आले त्या दिवशी मी पान पहिल्यांदा उलटलं. डॉक्टर सांगतात तेच खरं आहे. भाकर बंद आणि गोळी चालू, म्हणून तुम्ही पडलात. पेपराने तुम्हाला काहीच उत्तर दिलेलं नाही."

जैबुनबींनी "या अल्लाह" म्हणून तोंडावर हात ठेवला. लीलाबाईंना कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी कात्रणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा आवाज चढला नाही, पण तो आता पाहुण्याशी बोलायचा आवाज नव्हता.

"मी पडाच्या आंदी तीन आठवडे भिंतीले धरून चालली," त्या म्हणाल्या. "चुलीपाशी अंधारी यायची. मालक म्हने दवाखान्यात चाल, अर्पिता म्हने चाला. मी म्हन्लं, काही नाई होत, पेपरवाल्याईनं वाचलं. रोज म्हन्लं. तीन आठवडे."

मी मान हलवली.

"वाचलं नव्हतं तं छापलं कायले?"

पान भरायचं होतं. हेच खरं उत्तर होतं. तेच दिलं.

"पान भरायचं होतं."

लीलाबाईंनी प्लास्टिकची पिशवी उचलली आणि माझ्या मांडीवर टाकली. "न्या हे." मग सुनेकडे हात केला. "आन वं भाकर."

अर्पिताने भाकर दिली. लीलाबाईंनी ती मधोमध मोडली, वांग्याच्या रश्शात बुडवली आणि पहिला घास चावत चावत, डोळ्यांतून पाणी गाळत गिळला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. भूक किती लागली होती ते हातावरून दिसत होतं. अर्पिताने दुसऱ्या भाकरीतली अर्धी भाजीसकट जैबुनबींच्या ताटलीत ठेवली, आणि उरलेली स्वतः घेऊन खाटेच्या कडेवर बसली. तिघी जेवू लागल्या.

आमच्याकडे भावकीतल्या भांडणात कोर्टाचा कागद घेऊन आलेल्यालाही ताटावरचा माणूस 'या, जेवाले बसा' म्हणतो. तोंडदेखलं तरी म्हणतोच. मी त्या स्टुलावर कात्रण धरून बसून होते, हातभर अंतरावर. त्या तिघींनी शेवटच्या घासापर्यंत जेवण केलं, आणि मला कोणीही विचारलं नाही.